गवताच्या रानाचा जमाखर्च

मुरघासासाठी राखलेल्या गवताला कोणते खत परवडेल, हा प्रश्न वरवर पाहता खताच्या दुकानात सुटणारा वाटतो. भाव विचारावा, दोन गोण्या ताडून पाहाव्यात, स्वस्त पडेल ती उचलावी. या विषयात पहिले पाऊल टाकणाऱ्या वाचकाला मला आधी एवढेच सांगायचे आहे, की गोणीचा भाव हा या प्रश्नाचा शेवटचा भाग आहे. रानातून काय गेले, त्यातले गोठ्यात काय पडून आहे आणि माती स्वतःच्या पदरचे किती देऊ शकते, हे त्याआधी कळायला हवे. ते कळले की विकत काय घ्यायचे ते जवळपास आपोआप ठरते. ते न कळता घेतलेले खत कितीही स्वस्त मिळाले तरी महागच पडते.

हा अभ्यास फार बारकाईने झाला तो आयर्लंड आणि ब्रिटनमध्ये. म्हणून इथली बहुतेक उदाहरणे तिथली आहेत. तिथे गाई वसंतापासून शरदापर्यंत कुरणात चरतात आणि हिवाळ्यात गोठ्यात बांधून असतात. त्या बंदिस्त महिन्यांची बेगमी म्हणून काही राने चराईतून वगळतात, त्यांवर गवत वाढू देतात आणि मेच्या अखेरीस, जूनच्या सुरुवातीस पहिली कापणी करून ते हवाबंद आंबवतात. मुरघासाची आधुनिक पद्धत रुळून फार काळ लोटलेला नाही. फ्रान्समध्ये ऑग्युस्त गोफार याने मक्याच्या मुरघासावरचे आपले पुस्तक १८७७ साली काढले. फिनलंडच्या आर्टुरी विर्टानेन यांना १९४५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात चारा टिकवण्याच्या त्यांच्या पद्धतीचा खास उल्लेख होता. वैरण टिकवण्याच्या कामाला नोबेल मिळू शकते, हे आपल्याकडच्या कृषी विद्यार्थ्याने आवर्जून लक्षात ठेवावे.

गवताला खत घालण्याचा शास्त्रीय अभ्यास मात्र याहून जुना आहे. इंग्लंडमधल्या हार्पेंडनजवळच्या रोथॅमस्टेड इथे जॉन लॉझ आणि जोसेफ गिल्बर्ट यांनी १८५६ मध्ये एका जुन्या गवताळ रानाचे तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्याला दरसाल ठरावीक खत द्यायला सुरुवात केली. ‘पार्क ग्रास’ या नावाने ओळखला जाणारा हा प्रयोग आजही चालू आहे. सारे रान एकाच मातीचे, एकाच पावसाचे, पण तुकड्यातुकड्यात चित्र वेगळे. ज्याला काहीच खत दिले नाही तिथे उत्पन्न तुटपुंजे, पण वनस्पतींच्या तीसचाळीस जाती एकत्र नांदताना दिसतात. स्फुरद आणि पालाश दिले, नत्र दिले नाही, तिथे द्विदल वनस्पतींनी जोर धरला. वर्षानुवर्षे अमोनियम सल्फेट दिले आणि चुना दिला नाही, तिथली माती इतकी आंबट झाली की मेलेले गवत कुजेनासे झाले आणि त्याचा जाड थर जमिनीवर साचला. मोजक्या दोनतीन जाती तेवढ्या तगल्या. खत गवताला केवळ वाढवत नाही, कोणते गवत राहील तेही ठरवते. या विषयात शिरणाऱ्याने सुरुवात इथून करावी असे मी म्हणतो, कारण पुढचे सगळे प्रश्न या एका रानात बीजरूपाने दिसतात.

आता मुरघासाच्या रानाकडे येऊ. चराईचे रान आणि कापणीचे रान यांतला फरक पहिल्याने नीट समजून घ्यावा. गाय चरते तेव्हा तिने खाल्लेल्या पालाशाचा मोठा हिस्सा मूत्रावाटे त्याच रानात परत पडतो. कापणीच्या रानात तसे काहीच घडत नाही. सगळे गवत उचलून गोठ्याकडे जाते आणि त्याच्याबरोबर त्यातले पोषणही जाते. हेक्टरी पाच टन शुष्क पदार्थ देणारी पहिली कापणी घेतली, तर तिच्याबरोबर सुमारे २० किलो स्फुरद आणि तब्बल १२५ किलो पालाश रानाबाहेर पडतो. हे आकडे मूलद्रव्याच्या हिशोबाने आहेत. नत्राबद्दल सगळे बोलतात, कारण नत्र दिले की आठवड्याभरात हिरवा रंग गडद होतो. पालाश मुकाट्याने जातो. दोनचार वर्षे नुसता युरिया देऊन कापण्या घेतल्या की चांगल्या गवतांचे फुटवे विरळ होतात, रान निस्तेज दिसू लागते आणि शेतकरी बियाण्याला दोष देतो. माझ्या मते कापणीच्या रानावरचा निम्मा विचार पालाशाचा असायला हवा.

गेलेला हा पालाश कुठे आहे? गोठ्याखालच्या हौदात. जनावराच्या शेणामूत्राची स्लरी हे मुरघासाच्या रानाचे पहिले खत आहे आणि विकतचे खत दुसरे. आयर्लंडमधल्या टेगास्क या कृषी संशोधन संस्थेचे हिशोब पाहावेत. सहा टक्के शुष्क पदार्थ असलेली स्लरी वसंतात, जमिनीलगत सोडणाऱ्या यंत्राने, हेक्टरी सुमारे ३३ घनमीटर दिली, तर तिच्यातून अंदाजे ३३ किलो उपयोगी नत्र, १९ किलो स्फुरद आणि १२० किलो पालाश मिळतो. हे वर दिलेल्या गरजेशेजारी ठेवून पाहावे. मध्यम सुपीक मातीत पहिल्या कापणीचा स्फुरद आणि पालाश जवळजवळ पुरा भागला. हेक्टरी १२५ किलो नत्राच्या शिफारशीतले ९० किलोच्या आसपास बाकी राहिले, म्हणजे ४६ टक्क्यांच्या युरियाच्या पन्नास किलोच्या चार गोण्यांहून किंचित कमी. ज्या रानात हे साधते तिथे महागडी मिश्र गोणी घेण्याचे कारणच उरत नाही.

फक्त स्लरी सहा टक्क्यांची आहे का, ते पाहावे लागते. हौदात पावसाचे पाणी शिरून ती निम्मी पातळ झाली, तर तिच्यातले अन्नद्रव्यही निम्मे. तितकेच टँकर, तितकेच डिझेल, पण रानाला पोचते अर्धे. स्लरीची घनता मोजण्याची साधी उपकरणे मिळतात आणि ती वापरण्याइतके किफायतशीर काम या विषयात दुसरे क्वचितच असेल. ही स्लरी द्यायची कोणत्या रानाला, हाही निर्णयच आहे. गोठ्याला लागून असलेल्या रानाला ती पुन्हा पुन्हा मिळते आणि लांबचे, कापणीचे रान उपाशी राहते. वाहतुकीचा कंटाळा हे त्यामागचे खरे कारण असते.

माती परीक्षणाविना हा सगळा हिशोब हवेत राहतो. आयर्लंडमध्ये मातीचे स्फुरद आणि पालाश १ ते ४ अशा श्रेणींत मांडतात. तिसरी श्रेणी म्हणजे गेले तेवढे परत द्या, पहिल्या दोन म्हणजे त्याहून जास्त द्या, चौथी म्हणजे तूर्त थांबा. चौथ्या श्रेणीच्या रानात स्फुरदयुक्त मिश्र खत टाकणे म्हणजे पैसे ओढ्यात सोडणे आहे, आणि ते शब्दशः खरे आहे, कारण जास्तीचा स्फुरद वाहून पाण्यात जातो. युरोपीय संघाचा १९९१ चा नायट्रेट निर्देश आणि त्यावर उभे राहिलेले देशोदेशींचे नियम याच चिंतेतून आले. मातीचा सामू, म्हणजे पीएच, हाही माती परीक्षणाच्या अहवालात दिसतो. खनिज मातीत गवतासाठी तो ६.३ च्या आसपास हवा. तो खाली असेल तर आधी चुना. आंबट मातीत टाकलेल्या खताचा पुरता उपयोग गवताला होत नाही, म्हणून सर्व निविष्ठांत चुन्याचा परतावा चांगला मानतात. मात्र कापणीसाठी राखलेल्या उभ्या गवतावर चुना टाकू नये. तो गवताबरोबर मुरघासात गेला तर तयार होणाऱ्या आम्लाचा परिणाम कमी करतो.

नत्राच्या निवडीत गेल्या काही वर्षांत मोठा बदल झाला आहे. पूर्वी तिकडे कॅल्शियम अमोनियम नायट्रेटवर, म्हणजे कॅनवर, सर्वांचा भरवसा होता. युरिया स्वस्त, पण कोरड्या, उबदार हवेत त्यातला नत्र अमोनिया होऊन उडतो. युरिएज विकराला काही काळ रोखून धरणारे द्रव्य युरियावर चढवले की ही गळती आटोक्यात येते. अशा संरक्षित युरियाने आयर्लंडमधल्या प्रयोगांत कॅनइतकेच उत्पन्न दिले आणि नायट्रस ऑक्साइडचे उत्सर्जन कॅनच्या तुलनेत ७१ टक्के कमी आढळले. परवडण्याचा हिशोब इथे अगदी सोपा आहे. कॅनमध्ये नत्र २७ टक्के, युरियात ४६. म्हणजे संरक्षित युरियाचा टनाचा भाव कॅनच्या १.७ पटीपर्यंत गेला, तरी दर किलो नत्राला तो महाग पडत नाही. शेजारी ठेवलेल्या दोन गोण्यांच्या किमती पाहून हे कधीच कळत नाही. आपल्याकडचा निमलेपित युरिया २०१५ पासून सर्रास झाला, पण त्याचे काम वेगळे आहे. तो अमोनियाचे नायट्रेट होण्याचा वेग कमी करतो. दोघांना एकच समजू नये.

गोणीवरचे आकडे वाचतानाही सावध राहावे. म्युरेट ऑफ पोटॅशच्या गोणीवर भारतात ६० लिहिलेले असते आणि आयर्लंडमध्ये ५०. माल तोच. भारतात आणि ब्रिटनमध्ये पालाश ऑक्साइडच्या रूपात मोजतात, आयर्लंडमध्ये मूलद्रव्याच्या. ऑक्साइडच्या आकड्याला ०.८३ ने गुणले की पालाशाचे मूलद्रव्य मिळते. स्फुरदाला गुणक ०.४४. त्या न्यायाने आपले १०:२६:२६ मिश्र खत आयर्लंडच्या भाषेत साधारण १०:११:२२ होते. तिकडचे तक्ते वाचून इकडे शिफारस करणाऱ्याने ही एक पायरी चुकवली, तर पुढचा सगळा हिशोब कोलमडतो.

किती द्यायचे याच्याइतकेच केव्हा द्यायचे हेही खर्चातच धरावे. गवत दिवसाला हेक्टरी सुमारे अडीच किलो नत्र उचलते, हा तिकडचा जुना अंदाज. म्हणजे १२५ किलो नत्र संपायला पन्नास दिवस लागतात. नत्र उशिरा पडले आणि कापणी लवकर आली, तर नायट्रेट गवतात शिल्लक राहते आणि साखर कमी भरते. मुरघास आंबतो तो याच साखरेवर. ती कमी पडली की लॅक्टिक आम्ल पुरेसे तयार होत नाही, सामू चारच्या आसपास उतरत नाही आणि ब्युटिरिक आम्लाचा उग्र वास सुटलेला चारा जनावर हुंगून बाजूला सारते. खत तर वाया गेलेच, शिवाय कापणीचा आणि झाकणीचाही खर्च बुडाला. पालाशाची गंमत उलटी आहे. तो भरपूर मिळाला तर गवत गरजेपेक्षा जास्त उचलते आणि मॅग्नेशियमचे शोषण मागे पडते. अशा चाऱ्यावर नुकत्याच व्यालेल्या गाईंना मॅग्नेशियमच्या कमतरतेचा जीवघेणा झटका येऊ शकतो. म्हणून वसंतात हेक्टरी ९० किलोपेक्षा जास्त विकतचा पालाश एकदम देऊ नये, उरलेला शरदात द्यावा असा तिकडचा सल्ला आहे. गंधकाकडेही अलीकडे लक्ष द्यावे लागते. कोळशाच्या धुरातून पावसाबरोबर मिळणारे गंधक हवा स्वच्छ झाल्यावर घटले आणि हलक्या जमिनींत त्याची उणीव दिसू लागली.

महाराष्ट्राच्या वाचकाला यातले काय उपयोगी? आपला मुरघास मुख्यतः मक्याचा, आणि हिरव्या चाऱ्यासाठी संकरित नेपियर. हवामान वेगळे, माती वेगळी. पण नेपियर वर्षातून अनेकदा कापून संपूर्ण उचलला जातो, म्हणजे पालाश जाण्याचा प्रश्न तोच, कदाचित जास्त तीव्र. आमची काळी जमीन पालाशाने भरलेली आहे, ही समजूत बागायतदारांत घट्ट आहे. अनेक ठिकाणी ती खरीही आहे, पण सततच्या कापणीपुढे ती किती वर्षे टिकेल याचा विचार होत नाही. त्यात गोठ्यातले शेण बहुधा उसाला, कांद्याला, द्राक्षाला जाते. चाऱ्याच्या तुकड्याला ते परत मिळत नाही.

आपल्याकडे भावाचे गणितही वेगळ्या तऱ्हेने झुकलेले आहे. ४५ किलोची युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना धरली, तर तिच्यातल्या २०.७ किलो नत्राचा दर किलोला तेरा रुपयांच्या आत येतो. डीएपीची, म्हणजे डायअमोनियम फॉस्फेटची, पन्नास किलोची गोणी १३५० रुपयांना धरून त्यातल्या नऊ किलो नत्राची याच दराने वजावट केली, तर स्फुरद, ऑक्साइडच्या मापाने, किलोला ५४ रुपयांच्या घरात जातो. अनुदानाने युरिया इतका स्वस्त केला आहे, की हात आपसूक त्याच गोणीकडे वळतो. पालाशासाठी तर भारत आयातीवर अवलंबून आहे. २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर रशिया आणि बेलारूसचा पालाश अडला, तेव्हा त्याची झळ आयर्लंडच्या कुरणाला आणि कोल्हापूरच्या गोठ्याला एकाच वेळी बसली.

माती परीक्षणाची आयर्लंडमधली श्रेणी मात्र जशीच्या तशी इकडे आणू नये. ती मॉर्गन द्रावणाने केलेल्या चाचणीवर बेतलेली आहे. आपल्या चुनखडीयुक्त जमिनींत उपलब्ध स्फुरद ओल्सेन पद्धतीने आणि पालाश अमोनियम ॲसिटेटने मोजतात, आणि या आकड्यांची आपसांत अदलाबदल होत नाही. रीत मात्र जरूर घ्यावी. पुढच्या कापणीच्या वेळी चाऱ्याचा नमुना प्रयोगशाळेत द्यावा, शुष्क पदार्थ आणि त्यातला स्फुरद-पालाश किती टक्के ते मागून घ्यावे, ट्रॉल्यांचे वजन टिपावे आणि गुणाकार करावा. आपल्याच रानातून काय गेले त्याचा आकडा हाती येतो, आणि खताच्या दुकानात जाताना तोच चिठ्ठीवर लिहिलेला असावा.