बांध कुठून घालायचा?

परवा बऱ्याच दिवसांनी गावी जाऊन आलो. आमचं गाव कर्जत तालुक्यात. नाव मुद्दाम सांगत नाही, अर्धे नातेवाईक हे वाचतात!

आमचं शेत लांबट आहे, रुंदीच्या जवळजवळ तिप्पट लांब. वर रस्ता, खाली ओढा. आजोबांनी बाबा आणि काकांची वाटणी केली तेव्हा चार शहाण्यांनी सांगितलं, मधोमध आडवा बांध घाला, कमी कष्ट, कमी जमीन वाया. आजोबांनी ऐकलं नाही. त्यांनी रस्त्यापासून ओढ्यापर्यंत उभा बांध घातला. गावाने वेड्यात काढलं, म्हणे.

बी.एस्सी.ला बॉटनी घेतली तेव्हा कळलं की नेमक्या याच प्रश्नावर वनस्पतिशास्त्रज्ञ गेली दीडशे वर्षं डोकं खाजवताहेत. झाडाच्या पेशीभोवती टणक भिंत असते. पेशीची वाटणी होते तेव्हा आत एक नवी भिंत उभी राहते आणि ती पुन्हा हलत नाही. मग ती कुठून घालायची हे ठरवतं कोण?

पहिलं उत्तर दिलं विल्हेल्म होफमाइस्टर याने. लाइपझिगमधल्या संगीताची पुस्तकं छापणाऱ्याचा मुलगा. रीतसर विद्यापीठात शिकलेला नाही, नजर अधू. पहाटे उठून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा आणि मग दुकानात जायचा. १८६३ साली त्याने सांगितलं की पेशी ज्या दिशेला जास्त वाढते, त्या दिशेला काटकोनात नवी भिंत पडते. म्हणजे लांबट पेशी आडवी कापली जाते. त्याच वर्षी हायडेलबर्गला तो प्राध्यापक झाला. पुढे १८७८ मध्ये सॅक्सने भर घातली: दोन्ही वाटे सारखे पडतात आणि नवी भिंत जुनीला काटकोनात मिळते.

मग आला बेल्जियमचा लिओ एरेरा. त्याच्याच देशातल्या प्लॅटोने साबणाच्या पापुद्र्यांवर आयुष्य घालवलं होतं, तेही दृष्टी गेल्यावर, दुसऱ्यांच्या डोळ्यांनी प्रयोग करून. तारेची चौकट साबणाच्या पाण्यात बुडवली की पापुद्रा कमीत कमी क्षेत्रफळाचा होतो. १८८६ मध्ये एरेरा म्हणाला, पेशीची नवी भिंतही तशीच वागते. म्हणजे सर्वांत छोटा बांध. गावातल्या चार शहाण्यांचंच मत!

पण पेशीला हे कळतं कसं? १९६६ साली केंब्रिजच्या पिकेट-हीप्स आणि नॉर्थकोट यांना गव्हाच्या पेशींत एक गंमत दिसली. विभाजनाच्या आधी भिंतीच्या आतून सूक्ष्मनलिकांचा एक पट्टा गोल फिरतो आणि वाटणी सुरू होताना नाहीसा होतो. नवी भिंत नंतर बरोबर त्याच जागी जाऊन टेकते. मोजणीवाला दोरी ताणतो, चुना टाकतो, दोरी गुंडाळून निघून जातो. बांध मागाहून येतो. तसंच काहीसं.

२०११ मध्ये बेसाँ आणि द्युमे यांनी एरेराचा नियम जरा सैल केला. एकाच आकारात छोट्या भिंतीच्या दोन-तीन जागा असू शकतात. पेशी दर वेळी सर्वांत छोटीच निवडते असं नाही, छोटीकडे कल मात्र जास्त असतो. आकार सुचवतो, हुकूम देत नाही.

आणि आकाराचं मुळीच न ऐकणाऱ्या पेशीही आहेत. येताना आत्याकडे खालापूरला गेलो होतो. वाटेत सागाचा एक ताजा बुंधा दिसला, वर्षांची वर्तुळं स्पष्ट. ही वर्तुळं घडवणारा कोवळा थर, कॅम्बियम, साल आणि लाकूड यांच्यामध्ये असतो. त्यातल्या पुष्कळशा पेशी चातीसारख्या लांब, काही झाडांत रुंदीच्या शंभरपट. एरेराच्या हिशोबाने त्या आडव्या कापल्या जायला हव्यात. पण १९२०च्या सुमारास हार्वर्डच्या बेलीने दाखवलं की त्या उभ्या चिरल्या जातात, टोकापासून टोकापर्यंत, सर्वांत लांब भिंत घालून. कारण खोड जाड व्हायचं तर एक वाटा लाकडाकडे किंवा सालीकडे जायला हवा आणि दुसरा थरात राहायला हवा. भिंत महाग पडते, पण झाड उभं राहतं.

बुंध्यापाशी उभा असताना आजोबा आठवले. आडव्या बांधाने एकाला रस्ता मिळाला असता आणि दुसऱ्याला पाणी. मग भांडणाला पिढ्या पुरल्या नसत्या. उभ्या बांधाने दोघांनाही दोन्ही मिळालं. बाबा आणि काका शेवटपर्यंत एकमेकांच्या ओटीवर चहा प्यायले.

आता पाळी आमची. बाबांच्या वाट्याचे आम्ही तिघं, काकांच्या वाट्याचे दोघं. परवा मोजणीचा विषय निघाला. पुन्हा उभे बांध घातले तर आमच्या वाट्याच्या पट्ट्यांत पॉवर टिलरही वळणार नाही. आडवे घातले तर रस्ता आणि पाणी दोन घरांत जाणार. कर्जत-खालापुरात फार्महाऊसवाले टपलेलेच आहेत, असे तुकडे त्यांच्याच घशात जातात.

पेशीचं एक बरं असतं. वाटणी झाली की पुष्कळदा तिचे दोन्ही वाटे पुन्हा वाढून मूळ मापाचे होतात. शेत वाढत नाही.

म्हणून माझं म्हणणं इथेच लिहून टाकतो, म्हणजे पाचही जण वाचतील. सातबाऱ्यावर पाचांची नावं राहू देत. नवा बांध नको. भात एकत्र लावू आणि एकत्र झोडू. पटत नसेल तर फोन करा, पण मोजणीचा अर्ज द्यायच्या आधी.