पायाखालचा मुलूख

परप्रांती नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसाचा प्रवास बहुधा ठरलेला असतो. सवलतीच्या तिकिटावर दोन वर्षांतून एकदा गावी जावे, मुलांना सिंहगड किंवा रायगड दाखवावा आणि परत येऊन फायलींत मान घालावी, हा आमचा क्रम. ज्या गावी आयुष्याची पाच-सात वर्षे जातात, त्याच्या आसपासचा मुलूख मात्र आगगाडीच्या खिडकीतून दिसतो तेवढाच आपल्या परिचयाचा. तो आपला नव्हे, आपण येथे केवळ बदलीपुरते, अशी समजूत मनात असते. निदान बंगळूरपुरती तरी ही समजूत इतिहासाला धरून नाही.

इंदिरानगर ही आमची वसाहत अलीकडची. तिचे वय तिच्या नावावरूनच कळते. रुंद रस्ते, उपाहारगृहांची गर्दी आणि डोक्यावरून धावणारी मेट्रो पाहून येथे जुने असे काय असणार, असे नवख्याला वाटते. परंतु तिच्या एका अंगास हलसूरचे सोमेश्वराचे देवालय आहे, तर दुसऱ्या अंगास दोम्मलूरचे चोक्कनाथस्वामींचे. या दुसऱ्या देवळातील तमिळ शिलालेख तेराव्या शतकातील, म्हणजे केंपेगौडाने 1537 मध्ये बंगळूरचा कोट बांधला त्याच्याही आधीचे आहेत. वसाहत नवी असली तरी भूमी जुनी आहे, हे ध्यानात येण्यास एका रविवारची सकाळ पुरते.

या भूमीशी मराठ्यांचा संबंध जडला तो 1638 मध्ये. विजापूरचा सरदार रणदुल्लाखान याने शहाजीराजांसह स्वारी करून केंपेगौडाच्या वंशजाकडून बंगळूर घेतले, आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीचे मुख्य ठाणे झाले. कोलार, होसकोटे, दोड्डबळ्ळापूर, शिरे ही ठाणीही त्याच जहागिरीतली. बालशिवाजी आईसह काही काळ येथे होते. शहाजीराजांच्या दरबाराचे चित्र जयराम पिंड्ये या कवीने ‘राधामाधवविलासचंपू’त रेखाटले आहे. ग्रंथ संस्कृत, पण त्याच्या अखेरीस अनेक भाषांतील कवींच्या रचना आल्या आहेत. इतिहासाचार्य राजवाडे यांनी 1922 मध्ये तो प्रदीर्घ प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला. ज्या शहरात आज भाजीवाल्याशी एका भाषेत, शेजाऱ्याशी दुसऱ्या आणि साहेबाशी तिसऱ्या भाषेत बोलावे लागते, तेथे ही बहुभाषिकता तीन-साडेतीन शतकांपूर्वीही होती, ही गोष्ट मनाला सुखावते.

याहून बोलका पुरावा दगडात आहे. इंदिरानगरहून मेट्रोने निघावे, मॅजेस्टिकला गाडी बदलावी, संपिगे रोडला उतरून पायी मल्लेश्वरम् गाठावे. तेथील काडु मल्लेश्वराला शहाजीराजांचे पुत्र एकोजी यांनी 1669 मध्ये मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दान दिल्याचा लेख आहे. दाता मराठा, देव महादेव आणि लेख कानडी! ज्या लोकांवर राज्य करावयाचे त्यांच्याच भाषेत त्यांच्या देवाचे दान नोंदवावे, ही जाण त्या राज्यकर्त्याला होती. पुढे एकोजींचे लक्ष तंजावरकडे लागले आणि 1687 मध्ये तीन लक्षांच्या व्यवहारात बंगळूर चिक्कदेवराज वोडेयरांकडे जावयाचे ठरले; मधल्या काळात मोगल सरदार कासीमखानाने ते काबीज केले, आणि अखेर त्यांच्याकडूनच ते म्हैसूरकरांच्या हाती आले. बंगळूरवरील भोसल्यांचा अंमल असा जेमतेम पन्नास वर्षांचा.

पण येथेच थांबून अभिमानाने घरी परतणे योग्य होणार नाही. आपल्यापैकी जे मोटारीने पुण्याला जातात, त्यांना तुमकूरच्या अलीकडे दाबसपेटजवळ निजगलचा डोंगर दिसतो. 1770 मध्ये थोरल्या माधवरावांच्या फौजेने मोठ्या निकराने हा किल्ला घेतला. त्या झुंजीत चित्रदुर्गच्या नायकाचे बेरड पेशव्यांच्या बाजूने लढले, आणि धाकटे नारायणराव जखमी झाले. आपल्या बखरीतला हा विजय. पण फौज ज्यांच्या पिकांतून गेली त्या खेड्यांत तो कसा आठवला गेला असेल? शृंगेरीची हकीकत तर अधिक दुःखद आहे. 1791 च्या मोहिमेत पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शारदेचे पीठ लुटले. मठाच्या पुनर्स्थापनेसाठी धन आणि सामग्री पाठविली ती टिपू सुलतानाने. त्यासंबंधीची त्याची कानडी पत्रे 1916 मध्ये म्हैसूरच्या पुरातत्त्व खात्याचे रा. नरसिंहाचार यांना मठात सापडली. कानडी शेजाऱ्याने ‘मराठे’ म्हणताना किंचित थांबावे, याचे कारण अशा पत्रांतून उमगते.

एकाच घराण्याचा, एकाच भाषेचा इतिहास घरी बसून वाचला की तो सरळ रेषेत चालतो. तोच ज्या भूमीवर घडला तेथे जाऊन पाहिला की दानपत्र आणि लूट यांचा हिशेब एकाच वहीत मांडावा लागतो. राजवाडे गावोगाव हिंडले ते दप्तरांसाठी. आपण दप्तरे शोधावीत अशी अपेक्षा कोणी करणार नाही. परंतु देवळाच्या पुजाऱ्याशी मोडक्या कानडीत दोन शब्द बोलावे, लेखाचा दगड कोठे आहे ते विचारावे, एवढे तर कारकुनालाही साध्य आहे. मुलांची कानडी आपल्याहून चांगली असते. वाचनाचे काम त्यांच्याकडे सोपवावे.

शहाजीराजांचा अंत 23 जानेवारी 1664 रोजी चन्नगिरीजवळ होदिगेरे येथे, शिकारीत घोड्यावरून पडून झाला. त्यांची समाधी तेथेच आहे, कानडी शेतांच्या मधोमध. ज्याच्या पुत्राने महाराष्ट्रात राज्य स्थापिले तो पुरुष स्वतः आयुष्याची उत्तरार्धातील वर्षे याच मुलखात राहिला आणि याच मातीत मिसळला. पुढच्या बदलीचा हुकूम हाती पडण्यापूर्वी एकदा तेथे जाऊन यावे.