फर्दापूरपर्यंत सोबत, पुढे नाही!
कुत्र्यासह हिवाळी सहल आखण्यापूर्वी

नाताळ आणि नववर्षाच्या सुट्या लागल्या की छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पर्यटकांच्या वाहनांची वर्दळ वाढते. घरातला कुत्रा शेजाऱ्यांच्या भरवशावर ठेवण्यापेक्षा त्यालाही सोबत घ्यावे, असे अनेक कुटुंबांना वाटते. ही इच्छा स्वाभाविक असली तरी या जिल्ह्यातील बहुतेक प्रसिद्ध स्थळांच्या दारातून कुत्र्याला परत फिरावे लागते. याची कल्पना नसलेल्यांची खरी अडचण होते ती सुमारे १०० किलोमीटरचा प्रवास करून फर्दापूरला पोहोचल्यावर. अशा वेळी कुत्र्याला गाडीत कोंडून लेणी पाहून यावे, हा मार्ग सोपा वाटतो. प्रत्यक्षात तो मुक्या जनावराच्या जिवावर बेतणारा असतो.

नियम काय सांगतो?

प्राचीन स्मारकांच्या संरक्षणासाठी केंद्र सरकारने १९५८ मध्ये कायदा केला आणि १९५९ मध्ये त्याखालील नियम लागू झाले. स्मारकाच्या देखभालीचे काम वगळता अन्य कोणत्याही कारणासाठी संरक्षित स्मारकात प्राणी नेण्यास या नियमांनुसार मनाई आहे. अजिंठा व वेरूळची लेणी, औरंगाबाद लेणी, दौलताबादचा किल्ला आणि बीबी का मकबरा ही सारी स्थळे या नियमांच्या कक्षेत येतात. कुत्रा लहान आहे, साखळीला बांधलेला आहे किंवा कडेवर घेतला आहे, म्हणून नियम बदलत नाही.

अजिंठ्याच्या बाबतीत अंतराचाही प्रश्न आहे. लेण्यांच्या परिसराला प्रदूषणाची झळ पोहोचू नये म्हणून खासगी वाहने फर्दापूरच्या टी पॉइंटवरच थांबवली जातात. तेथून लेणी सुमारे ४ किलोमीटरवर असून पुढचा प्रवास बसने करावा लागतो. लेणी निवांत पाहायची तर जाऊन येऊन तीन-चार तास सहज मोडतात. एवढा वेळ बंद गाडीत राहिलेल्या कुत्र्याकडे मधूनच येऊन पाहणे शक्य नसते.

हिवाळ्यातही गाडी तापते

डिसेंबरात मराठवाड्यात पहाटे हुडहुडी भरत असली तरी दुपारचे तापमान २८ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. उन्हात उभ्या असलेल्या मोटारींवर अमेरिकेत झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बाहेर २२ अंश तापमान असतानाही गाडीच्या आतील तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढल्याचे आढळले. त्यातील सुमारे ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली होती. काच बोटभर उघडी ठेवल्याने विशेष फरक पडला नाही.

माणसाप्रमाणे कुत्र्याला अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच तो शरीर थंड ठेवतो. भोवतालची हवाच तापली की हा उपाय निकामी ठरतो. त्याच्या शरीराचे तापमान एरवी ३८ ते ३९ अंश असते. ते ४१ अंशांपुढे गेले की उष्माघाताचा धोका असतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना हा त्रास लवकर होतो. जोरजोरात धापा, तोंडातून गळणारी लाळ, लालभडक हिरड्या आणि झोकांड्या ही उष्माघाताची लक्षणे होत. अशा वेळी कुत्र्याला सावलीत घेऊन अंगावर गार पाणी ओतावे, वारा घालावा आणि विनाविलंब पशुवैद्यकाकडे न्यावे.

दोन तुकड्यांत दर्शन

यावर उपाय साधा आहे. कुटुंबाने दोन तुकड्या कराव्यात. एकीने सकाळी लेणी पाहावीत, तोवर दुसरीने कुत्र्यासह फर्दापूरला थांबावे. दुपारी अदलाबदल करावी. त्यासाठी फर्दापूरला एक रात्र मुक्काम केलेला बरा. खोली आरक्षित करतानाच कुत्रा सोबत असल्याचे सांगून होकार घ्यावा. अजिंठा लेणी सोमवारी, तर वेरूळ लेणी मंगळवारी बंद असतात, हेही लक्षात ठेवावे.

रात्री मात्र कुत्र्याला अंगणात किंवा गाडीजवळ बांधून ठेवू नये. अजिंठ्याच्या डोंगररांगेत बिबट्याचा वावर आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले परिसरात बिबट्याच्या आहाराचा अभ्यास झाला, तेव्हा वजनाच्या हिशेबाने त्यात कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के आढळला होता. बांधलेल्या कुत्र्याला पळून जाण्याचीही संधी नसते.

कुत्र्याचीही सुटी व्हावी

शहरात राहूनही कुत्र्यासह सुटी मजेत घालवता येते. दरवाजांचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या छत्रपती संभाजीनगरात मलिक अंबरने १६१२ मध्ये उभारलेला भडकल दरवाजा, मकाई दरवाजा, दिल्ली दरवाजा हे सारे रस्त्यावरून पाहता येतात. सकाळी रहदारी वाढण्यापूर्वी साखळी हातात धरून केलेली अशी फेरी दोघांनाही मानवते. पैठणच्या नाथसागराचा परिसर हे पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात तेथे स्थलांतरित पक्षी उतरतात, म्हणून कुत्र्यासाठी ती जागा टाळावी.

ओळखीच्या शेतावरची हुरडा पार्टी हा त्याहून चांगला बेत. शेतमालकाची परवानगी घ्यावी, अलीकडेच फवारणी झाली आहे का ते विचारावे आणि आगटीपासून कुत्र्याला दूर ठेवावे. हुरड्याबरोबरचा कांदा आणि लसणाची चटणी त्याला देऊ नये. नाताळच्या केकमधील मनुके मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात, चॉकलेटही वर्ज्य. ३१ डिसेंबरच्या रात्री फटाक्यांना भेदरून कुत्री पळून जातात. त्या रात्री दारे-खिडक्या लावून त्याला घरातच ठेवावे आणि पट्ट्यावर मालकाचा दूरध्वनी क्रमांक लिहावा.

प्रवासाची तयारी

मुंबई-पुण्याहून रेल्वेने येणाऱ्यांना वातानुकूलित प्रथम वर्गात दोन किंवा चार बर्थचा संपूर्ण कक्ष आरक्षित केल्यास कुत्रा सोबत नेता येतो. अन्यथा त्याला गाडीच्या ब्रेकव्हॅनमधील पेटीतून न्यावे लागते. शयनयान किंवा वातानुकूलित द्वितीय व तृतीय वर्गात परवानगी नाही. फर्दापूरसाठी जळगाव स्थानकही सोयीचे असून तेथून अंतर सुमारे ६० किलोमीटर आहे. रेबीज प्रतिबंधक लसीची नोंद असलेली पुस्तिका, पिण्याचे पाणी, नेहमीचे खाद्य, जादा साखळी आणि पहाटेच्या थंडीसाठी जुने पांघरूण एवढे सामान पुरे.

गावच्या कुत्र्यांचाही विचार

फर्दापूरच्या रस्त्यांवर गावची कुत्री असतात आणि पाहुणा दिसला की ती भुंकतात. भांडण झाले तर दगड बहुधा त्यांच्याच वाट्याला येतो. कुक्कुर जातकात अशीच कथा आहे. वाराणसीच्या राजाच्या रथाचे चामडे राजवाड्यातील कुत्र्यांनी कुरतडले. मात्र त्यांना वगळून नगरातील इतर कुत्र्यांना मारण्याचा हुकूम सुटला. तेव्हा श्वानरूपी बोधिसत्त्वाने राजासमोर जाऊन खरे अपराधी दाखवून दिले आणि नगरातील कुत्र्यांचे प्राण वाचवले. पाहुण्या कुत्र्याची साखळी आखूड धरावी, त्याला उघड्यावर खाऊ घालू नये आणि त्याची विष्ठा उचलावी. एवढे पथ्य पाळले, तर त्याच्या सहलीची किंमत गावच्या कुत्र्यांना मोजावी लागणार नाही.