लोहगावचं विमान अमेरिकेच्या आकाशात

लग्नाच्या, बारशाच्या जुन्या कॅसेटी घरोघरी पडून असतात. नवी मुंबईत, बेलापूरला राहणाऱ्या आमच्या एका ताईंकडे मात्र वेगळीच कॅसेट निघाली. त्यांचे दीर अमेरिकेत असतात. तिथे विमानांच्या कसरतींचा मेळा असतो, त्याचं ते चित्रण. कव्हरावर फक्त ‘जुनं बॉम्बर’. कुठलं, कधीचं, काही नाही. मग आम्हीच शोधायला बसलो.

जनावराची जात ओळखताना आपण शिंगं, वशिंड, शेपूट बघतो. विमानाचंही तसंच आहे. याला चार इंजिनं, प्रत्येकापुढे फिरणारा पंखा. पंख अंगाच्या वरच्या बाजूला, पाठीजवळ. शेपटीला दोन उभ्या, लांबट गोल फळ्या. नाकाखाली चाक. दुसऱ्या महायुद्धातल्या बी-१७ या अमेरिकन बॉम्बरला शेपटीवर एकच उंच फळी असते आणि ते मागच्या चाकावर टेकतं, त्यामुळे नाक वर करून बसल्यासारखं दिसतं. ब्रिटिशांच्या लँकेस्टरची शेपटी दुहेरी, पण तेही मागेच टेकतं. सगळ्यात पक्की खूण पोटाशी सापडली. बॉम्ब टाकायचं दार खाली लोंबत नव्हतं, दुकानाच्या शटरसारखं अंगावर सरकत वर जात होतं. म्हणजे हे बी-२४ लिबरेटर.

अशी १८ हजारांहून जास्त विमानं बनली. मिशिगनमधल्या विलो रनच्या कारखान्यात ऐन भरात तासाला एक विमान बाहेर पडायचं, आणि पत्र्याला रिव्हेट मारायला हजारो बायका होत्या. माणसं मारायचं यंत्र ते, त्याचं कौतुक किती करायचं हा प्रश्न आहेच. पण त्या बायकांच्या हातांची नोंद राहायला हवी.

एवढ्यांतली उडू शकणारी उरली ती अगदी मोजकी. आमच्या चित्रणातल्या विमानावर नाकापासून शेपटीपर्यंत ड्रॅगन रंगवलेला होता. (सोबत एक उघडी बाईही होती, तेवढा भाग आम्ही पोरांसमोर पुढे पळवला.) त्यावरून काळही कळला. कॉलिंग्ज फाउंडेशनच्या विमानाचं नाव आधी ‘ऑल अमेरिकन’ होतं, १९९८ पासून काही वर्षं ‘ड्रॅगन अँड हिज टेल’, आणि नंतर ‘विचक्राफ्ट’. तेव्हा आमची कॅसेट मधल्या वर्षांतली.

आता खरी गंमत. हे ‘अमेरिकन’ विमान आपल्या पुण्याहून गेलेलं आहे! १९४४ साली ते टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला बनलं आणि ब्रिटिश हवाईदलाला उसनं मिळालं. युद्ध संपल्यावर अशी उसनी विमानं वापरात ठेवायची नाहीत, असा करार होता. कानपूरला कितीतरी लिबरेटर ब्रिटिशांनी मुद्दाम मोडून टाकली; इंजिनांत वाळूसुद्धा ओतली. स्वातंत्र्यानंतर त्याच भंगारातून हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कामगारांनी सुमारे ४० विमानं तात्पुरती उडती केली, बंगळुरूला नेली आणि पुन्हा नीट बांधली. १९४८ च्या अखेरीस ती आपल्या हवाईदलात आली. पुढे पुण्याच्या लोहगावहून सहा नंबरचं स्क्वाड्रन समुद्रावर पाळत ठेवायला हीच विमानं वापरायचं. १९६८ अखेर ती निवृत्त झाली.

आमच्या कॅसेटमधलं विमान मग पुण्यात पडून राहिलं. १९८१ मध्ये एका ब्रिटिश संग्राहकानं ते नेलं, तीन वर्षांनी ते अमेरिकेत विकलं गेलं, आणि दुरुस्तीनंतर १९८९ मध्ये पुन्हा उडालं. रंग चढला तो अमेरिकेच्या हवाईदलाचा. आपल्याकडची वीस वर्षं त्या रंगाखाली गेली, याचं आम्हाला वाईट वाटतं. युद्धात ते वर्षभरही नव्हतं, आयुष्य गेलं ते इथे.

लंडनच्या हवाईदल संग्रहालयातलं लिबरेटरही भारतानं दिलेलंच आहे, १९७४ साली. आणि दिल्लीला कधी गेलात, तर पालमच्या संग्रहालयात एक उभं आहे. आधी मागे जाऊन शेपटीच्या फळ्या मोजा.