थिएटरची मागची बाजू

आळेफाट्याहून पुण्याकडे निघालं की थोड्याच वेळात नारायणगाव लागतं. तमाशाची पंढरी! पाडव्याच्या सुमाराला इथे फडांच्या राहुट्या पडतात, जत्रांच्या सुपाऱ्या ठरतात.

पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर १९६८ सालचं. त्याच्या पुनर्विकासावर आपण तावातावाने बोलतो. खुर्च्या किती, पार्किंग किती... फडाचं थिएटर मात्र संध्याकाळी उभं राहतं आणि खेळ संपला की ट्रकमध्ये चढतं. फळ्यांचा बोर्ड, भोवती कनात, मागे रंगायला तंबू. बस्स.

नारायणगावच्या विठाबाई (निधन २००२) खेळ चालू असताना स्टेजमागे बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, असं सांगतात. त्यांच्या जिद्दीला आपण सलाम ठोकतो. पण त्या तंबूला ना दार, ना नळ, हे कुणी बघितलं? थिएटर सुधारायचंय ना? मग सुरुवात मागच्या बाजूने करा की राव!