पाठ फिरवणारी नॅन्सी

१९७८ च्या ‘हॅलोवीन’मधली लॉरी विणायची सुई, हँगरची तार, हाती लागेल त्याने लढते, पण अखेर गोळ्या झाडायला डॉक्टरच येतो. अमेरिकी भयपटांच्या इतिहासात १९८४ ची नॅन्सी आम्हांला वेगळी वाटते ती इथेच. वेस क्रेव्हन यांच्या ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’मध्ये तिचा बाप पोलिसांत, पण तो तिचे ऐकत नाही. आई खिडक्यांना गज ठोकते. (घरोघरच्या आयांचा हाच इलाज!) नॅन्सी फ्रेडीला स्वप्नातून ओढून आणते, सापळे लावते, पेटवते, तो मरत नाही. मग ती त्याच्याकडे पाठ फिरवते, दिलेली ताकद काढून घेतल्याचे सांगते. तो विरतो. क्रेव्हन यांना तिचा विजय राखायचा होता. निर्माते रॉबर्ट शे यांना पुढच्या भागासाठी वाव हवा होता. म्हणून शेवटी आई दाराच्या झरोक्यातून आत खेचली जाते.