परसातील कोंबडीची पिले, कावेरी त्रिभुज प्रदेश

तमिळनाडूतील तंजावर, तिरुवारूर, नागपट्टिणम व मयिलाडुतुरै या जिल्ह्यांच्या गावांत घराच्या परसात देशी कोंबडीची पिले वाढवण्याची रीत. पिलांच्या पहिल्या आठ आठवड्यांचा आहार आणि निवारा हा या नोंदीचा विषय आहे. तमिळमध्ये देशी कोंबडीला नाट्टुक्कोळी म्हणतात. तिच्यात सिरुविडै ही लहान चणीची आणि पेरुविडै म्हणजे असील ही उंच, झुंजार जात प्रसिद्ध आहे. तमिळनाडू पशुवैद्यक व पशुविज्ञान विद्यापीठाने (स्थापना १९८९) परसासाठी नंदनम नावाने सुधारित वाणही दिले. तंजावर जिल्ह्यातील ओरत्तनाडू येथे या विद्यापीठाचे महाविद्यालय असून नवशिक्याने पहिली विचारपूस तिथे करावी.

या प्रदेशात पिलांचा मुख्य शत्रू ओल हा आहे. जमीन चिकणमातीची, पाट आणि तळी जागोजाग, आणि वर्षभराच्या पावसातला निम्म्याहून अधिक ऑक्टोबर ते डिसेंबरच्या ईशान्य मोसमीत पडतो. पिलांखालच्या तुसाच्या ओल्या गादीत रक्ती हगवणीचे जंतू वाढतात, ओल्या पेंडीवर बुरशी धरते, भिजलेले पिलू रातोरात गारठून मरते. भातखाचरे आणि नारळ पाहून कोकणातल्या माणसाला हा मुलूख आपला वाटेल. पण कोकणचे पावसाळी वेळापत्रक इथे लावू नये. गणपतीनंतर कोकणात पाऊस ओसरतो, इथे खरा पाऊस त्यानंतर सुरू होतो. म्हणून सुरुवात पोंगलनंतर, जानेवारीच्या अखेरीस करणे सर्वांत शहाणपणाचे. सांबा हंगामाचे भात तेव्हा घरात येत असते, कणी-कोंडा ताजा मिळतो, हवा कोरडी होऊ लागते आणि मे महिन्याच्या काहिलीआधी पिले पिसांनी भरतात.

नवशिक्याने खुडूक कोंबडीपासून आरंभ करावा. ती १० ते १२ अंडी २१ दिवस उबवते आणि पुढे दोनेक महिने पिलांना ऊब, संरक्षण आणि चरण्याचे शिक्षण देते. कावळा, घार, मुंगूस आणि मांजर यांच्यापासून वाचवण्यासाठी गावात बांबूची घुमटाकार टोपली वापरतात; तिला पंजारम म्हणतात. मराठी घरात कोंबड्या डालायचे डालगे ते हेच. पहिले दोन आठवडे कोंबडी व पिले बराच वेळ याच्याखाली असावीत; मात्र टोपलीची जागा रोज बदलावी, म्हणजे विष्ठा एका जागी साचत नाही.

उबवणी केंद्रातून एक दिवसाची पिले आणल्यास कृत्रिम दाई लागते. पत्र्याचे किंवा पुठ्ठ्याचे दीड फूट उंच गोल कडे करून मध्ये दिवा टांगावा. पहिल्या आठवड्यात पिलांच्या उंचीवर सुमारे ३५ अंश सेल्सिअस, पुढे दर आठवड्याला सुमारे ३ अंश कमी. पिले दिव्याखाली एकमेकांवर चढली तर ऊब कमी आहे. चोची उघडून कड्याला चिकटली तर जास्त. मार्चनंतर तंजावरला दिवसा दिवा लागतच नाही, रात्री मात्र लागतो. वीज गेल्यास मडक्यात निखारे ठेवतात, पण धुरासाठी हवा खेळती हवी. खाली दोन इंच भाताच्या तुसाची कोरडी गादी. ते या भागात मुबलक आहे. गादी रोज हलवावी आणि पाण्याच्या भांड्याभोवतीचे ओले तूस त्याच दिवशी काढून टाकावे. सुगीनंतर या शेतांत बदकांचे मोठे कळप चरायला येतात, तेव्हा घरीही दोन बदके पाळण्याचा मोह होतो. ती पिलांच्या जागेत सोडू नयेत; पाणी सांडून गादीचा चिखल करतात.

खुराडे जमिनीपासून दोन-तीन फूट उंच चौथऱ्यावर किंवा खांबांवर, लांबी पूर्व-पश्चिम. छपराला नारळाच्या झावळ्या उत्तम, कारण त्या उन्हात तापत नाहीत. वळचण तीन फूट पुढे काढावी आणि उत्तर-पूर्वेकडे गोणपाटाचे पडदे ठेवावेत, कारण पावसाची झोड तिकडून येते. १६ नोव्हेंबर २०१८ च्या गजा चक्रीवादळाने तंजावर जिल्ह्याच्या दक्षिणेकडील नारळबागा झोपवल्या. झावळ्यांचे छप्पर दोरांनी आवळून बांधणे म्हणूनच आवश्यक. जाळी अर्ध्या इंचाची, म्हणजे उंदीर आणि साप आत येत नाहीत. चार आठवड्यांपर्यंत प्रत्येक पिलास अर्धा चौरस फूट, नंतर एक चौरस फूट जागा द्यावी.

आहारात सर्वांत मोठी गफलत तांदळाच्या कणीची होते. कणी (कुरुणै) स्वस्त, घरची, आणि पिलेही ती आवडीने टिपतात. पण तिच्यात प्रथिने जेमतेम ८ टक्के, आणि वाढत्या पिलाला २० टक्के लागतात. पोट भरते, अंग भरत नाही. पिसे विरळ राहतात. दाईतल्या पिलांना निदान पहिला महिना तयार स्टार्टर खाद्यच द्यावे, कारण जीवनसत्त्वांची भर घरी नीट पडत नाही. कोंबडीमागे चरणाऱ्या पिलांना घरचे मिश्रण चालते: १०० किलोत कणी ५०, कोंडा १२, शेंगदाणा पेंड २८, सुक्या मासळीचा चुरा ८ आणि क्षारमिश्रण २. मासळी बिनमिठाचीच हवी, खारवलेली पिलांना बाधते. पेंडीला कुबट वास आला की ती फेकावी. बुरशीतल्या अफ्लाटॉक्सिन विषाने यकृत निकामी होते आणि ते विष शिजवूनही जात नाही.

तमिळ खेड्यांची एक जुनी युक्ती कौतुकाची आहे. जुन्या मडक्यात ओले शेण, फाटके गोणपाट आणि काड्या भरून ते वाळवीच्या भोकावर संध्याकाळी पालथे घालतात. सकाळी मडके वाळवीने भरलेले असते. ती पिलांपुढे झटकली की फुकटची ताजी प्रथिने मिळतात. तळ्याकाठी अझोला ही तरंगती पाणवनस्पती वाढवणे आणि शेवग्याचा पाला बारीक चिरून देणे हीदेखील चांगली जोड आहे.

मानमोडीला इथे वेळ्ळैक्कळिच्चल म्हणतात; ती आली की आळीच्या आळी रिकामी होते. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा थेंब डोळ्यात, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा, आणि आठव्या ते दहाव्या आठवड्यात आर-२-बी ही टोचायची लस, असा क्रम पाळावा. लस बर्फात आणावी. देवीची लस सहाव्या-सातव्या आठवड्यात.

यानंतर तलंगा आणि नर दिवसभर मोकळे सोडता येतात. जानेवारीअखेरची पिले जूनमध्ये साडेचार महिन्यांची होतात. त्याच सुमारास, १२ जून या रूढ दिवशी मेट्टूर धरणाचे पाणी सुटते आणि कुरुवै भाताच्या रोपवाटिका पेरल्या जातात. औषध चोळलेले बियाणे कोंबड्यांनी टिपू नये म्हणून पेरणीचे आठ-दहा दिवस त्यांना आवारातच कोंडून खाऊ घालावे.